एक्स्ट्रीम ई या विद्युत शर्यतमालिकेचा निरोपाचा मोसम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छत्रपती संभाजीनगरमध्ये मी विजेवर चालणाऱ्या वाहनांच्या दुरुस्तीचे वर्ग घेतो. वर्गात जालना, बीड, परभणी, हिंगोलीकडून आलेली मुले-मुली असतात आणि बॅटरी, मोटर व नियंत्रक यांचा सिद्धान्त जड होऊ लागला की मी त्यांना एक्स्ट्रीम ई या शर्यतमालिकेतील चित्रफिती दाखवतो. वाळूत, चिखलात, बर्फाळ प्रदेशातील खडीवर धावणाऱ्या त्या गाड्यांनी माझ्या कित्येक विद्यार्थ्यांना या विषयाची गोडी लावली. ती मालिका आता थांबली आहे. ती का थांबली आणि तिच्या जागी काय आले, याविषयी विद्यार्थी, त्यांचे पालक व इतर वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

एक्स्ट्रीम ई म्हणजे नेमके काय होते?

पक्क्या रस्त्यावर न धावता उघड्या, ओबडधोबड जमिनीवर धावणाऱ्या विद्युत गाड्यांची ती आंतरराष्ट्रीय शर्यतमालिका होती. फॉर्म्युला ई ही शहरांतील विद्युत शर्यत सुरू करणारे स्पॅनिश उद्योजक अलेहान्द्रो अगाग यांनी ब्राझीलचे माजी शर्यतपटू जिल दे फेरान यांच्या साथीने ती उभी केली. पहिली शर्यत एप्रिल २०२१ मध्ये सौदी अरेबियातील अल-उला येथील वाळवंटात झाली. हवामानबदलाचा फटका ज्या भूभागांना बसतो आहे, तेथेच जाऊन शर्यत भरवायची आणि शर्यतीच्या निमित्ताने जगाचे लक्ष त्या भूभागाकडे वळवायचे, ही तिची मूळ कल्पना होती. त्यामुळे पहिल्याच वर्षी ही मालिका वाळवंटातून सेनेगलमधील लाक रोझ सरोवराच्या काठी, तेथून ग्रीनलँडमधील कांगरलुसुआक येथे हिमनदीने मागे सोडलेल्या खडी-वाळूवर, मग सार्डिनिया बेटावर आणि अखेरीस इंग्लंडमधील बोव्हिंग्टन या लष्करी सरावभूमीवर गेली. ब्राझील व अर्जेंटिना येथील नियोजित टप्पे त्या वर्षी रद्द करावे लागले होते.

निरोपाचा मोसम कोणता मानायचा आणि तो अर्धाच का राहिला?

बॅटरीवरील गाड्यांचा शेवटचा मोसम म्हणून २०२४ चाच उल्लेख करावा लागतो. पुढील वर्षापासून हायड्रोजनवरील गाड्यांकडे वळायचे, हे आयोजकांनी आधीच जाहीर केले होते. १७ व १८ फेब्रुवारीला सौदी अरेबियात पहिला टप्पा झाला, १३ व १४ जुलैला स्कॉटलंडमध्ये दुसरा झाला. त्यानंतर सप्टेंबरमध्ये सार्डिनियात आणि नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतील फिनिक्स परिसरात शर्यती व्हायच्या होत्या. परंतु सार्डिनियाचा टप्पा ऐन तोंडावर रद्द झाला, पाठोपाठ फिनिक्सचाही झाला, आणि मोसम तेथेच थांबला. पुढे २०२५ मध्ये सौदी अरेबियातील किद्दिया येथे निरोपाची एक वेगळी फेरीही जाहीर करण्यात आली. तथापि एका फेरीने मोसम होत नाही. स्कॉटलंडमधील त्या जुलैच्या शर्यती पाहताना, संपूर्ण मोसमातील शर्यत म्हणून आपण हे शेवटचे पाहत आहोत, याची कल्पना आम्हा प्रेक्षकांना नव्हती, आणि मला आजही त्याचीच हळहळ अधिक वाटते. निरोप घ्यायचाच होता तर तो ठरवून, सर्व टप्पे पूर्ण करून घेता आला असता. चालकांचा व कारागिरांचा तो हक्क होता.

कारणांचा विचार करता मला दोन गोष्टी ठळक दिसतात. पहिली अशी की, या मालिकेला तिकीटविक्रीचे उत्पन्न जवळजवळ नव्हते. सारा डोलारा प्रायोजक व प्रक्षेपण यांवर उभा होता. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. पुढच्या वर्षी वेगळीच गाडी येणार हे ठाऊक असताना जुन्या गाडीच्या सुट्या भागांवर, सरावावर व प्रवासावर कोणता संघ मन लावून पैसा खर्च करील? ज्या शेतात पुढच्या हंगामात दुसरेच पीक घ्यायचे ठरले आहे, तेथे उभ्या पिकाला शेवटचे पाणी देताना हात आखडतोच.

म्हणजे विजेची गाडी खडतर जमिनीवर अपयशी ठरली का?

नाही. हा गैरसमज मला सर्वाधिक वेळा दूर करावा लागतो, म्हणून गाडीविषयी थोडे विस्ताराने सांगतो.

ओडिसी २१ असे या गाडीचे नाव होते. फ्रान्समधील स्पार्क रेसिंग टेक्नॉलॉजी या कंपनीने ती बांधली आणि तिची बॅटरी ब्रिटनमधील विल्यम्स अॅडव्हान्स्ड इंजिनिअरिंग या कंपनीने तयार केली. सर्व संघांना मूळ गाडी एकच होती. तिची कमाल शक्ती ४०० किलोवॉट, म्हणजे सुमारे ५५० अश्वशक्ती होती. आपल्या विहिरींवर असणारे पाच अश्वशक्तीचे शंभराहून अधिक कृषिपंप एकाच वेळी सुरू केले, तर जेवढी शक्ती लागेल तेवढी ती आहे. सुमारे १,६५० किलो वजनाची व २.३ मीटर रुंदीची ही गाडी उभ्या स्थितीतून ताशी १०० किलोमीटरचा वेग साडेचार सेकंदांत गाठत असे आणि १३० टक्के चढ चढू शकत असे. शंभर टक्के चढ म्हणजे ४५ अंशांचा कोन. १३० टक्के म्हणजे ५२ अंशांहून थोडा अधिक. कन्नडच्या औट्रम घाटात मालमोटारी ज्या चढावर धापा टाकतात, तो याच्या तुलनेत सपाट रस्ताच म्हणावा लागेल.

बॅटरीची क्षमता सुमारे ५४ किलोवॉट-तास होती. महावितरणच्या बिलाच्या भाषेत सांगायचे तर ५४ युनिट. एवढ्या विजेवर पाच अश्वशक्तीचा पंप चौदा तासांच्या आसपास चालेल. परंतु ही गाडी पूर्ण शक्तीने सलग चालवली, तर तीच वीज आठ मिनिटांत संपेल. म्हणूनच शर्यती लहान होत्या. ही मर्यादा खरीच आहे. मात्र ती आधीच ओळखून शर्यतीचा आराखडा बेतलेला होता, त्यामुळे तिला अपयश म्हणता येत नाही. एकेक दगड, खड्डा व उडी सोसून याच गाड्या वाळवंटात, चिखलात आणि ध्रुवीय थंडीत धावल्या. मोडल्या त्या बहुतांश धक्के झेलणाऱ्या सस्पेन्शनच्या भुजा, चाके आणि सुकाणूचे (स्टिअरिंगचे) भाग. ज्याने शेतरस्त्यावर भरधाव जीप चालवली आहे, त्याला याचे आश्चर्य वाटणार नाही.

मराठवाड्यातील वाचकांना जवळच्या वाटाव्यात अशा आणखी दोन बाबी आहेत. गाडीचा सांगाडा नायोबियम या धातूची अल्प मात्रा मिसळून बळकट केलेल्या पोलादी नळ्यांचा होता. जालन्यातील सळईच्या कारखान्यांत काम करणाऱ्या घरांतील मुलांना मी ही बाब मुद्दाम सांगतो. पोलादात किती मिसळले यापेक्षा काय मिसळले, हे किती निर्णायक असते, ते त्यांना चटकन कळते. दुसरी बाब अशी की, गाडीच्या बाह्य कवचात जवसाच्या वनस्पतीचे तंतू वापरले होते. आपण ज्या जवसाची चटणी करतो, त्याच प्रजातीचे वाण खास तंतूंसाठी अन्यत्र पिकवले जाते. वर्गात हे सांगितले की क्षणभर शांतता पसरते आणि मग कोणीतरी हमखास विचारते, “सर, आपल्याकडे जवसाचं फक्त बीच का घेतात?” हा प्रश्न मोटारशर्यतीपेक्षा मोठा आहे.

शर्यतीचे स्वरूप कसे होते?

प्रत्येक संघात एक पुरुष व एक स्त्री चालक असे. शर्यत दोन फेऱ्यांची. एक फेरा एकाने चालवायचा, ठरलेल्या जागी गाडी थांबवून चालक बदलायचा आणि दुसरा फेरा दुसऱ्याने चालवायचा. बदलाच्या वेळी घाईत सुरक्षापट्टा अर्धवट बांधला जाऊ नये, म्हणून तेथे किमान किती वेळ थांबायचे हे नियमाने ठरवलेले होते. प्रत्येक फेऱ्यात थोडा वेळ अधिक शक्ती देणारे एक बटणही चालकाला मिळत असे.

पहिल्याच टप्प्यात आयोजकांची गाठ फुफाट्याशी पडली. अल-उलाच्या वाळवंटात पुढच्या गाडीने उडवलेल्या धुळीत मागच्या चालकाला काहीही दिसत नव्हते. अनेक गाड्या एकदम सोडणे धोक्याचे ठरू लागले, तेव्हा पात्रता फेरीत एकेक गाडी स्वतंत्रपणे घड्याळावर सोडण्यात आली आणि पुढील शर्यतींतही गाड्यांची संख्या कमी ठेवावी लागली. आपल्याकडच्या शंकरपटात जोड्या सेकंदाच्या हिशेबाने मोजल्या जातात, त्यासारखेच हे झाले. शेजारी कोण पळते आहे यापेक्षा घड्याळ काय सांगते, याला महत्त्व आले. त्याच पात्रता फेरीत आब्ट संघाच्या क्लाउडिया ह्युर्टगन यांची गाडी कोलांट्या खात उलटली. सुदैवाने त्या सुखरूप बाहेर आल्या.

स्त्री-पुरुष जोडीचा नियम दिखाऊ होता का?

मला तसे वाटत नाही. दोघांच्या वेळेची बेरीज होऊनच निकाल लागत असल्यामुळे कोणत्याही संघाला स्त्री चालकाला नावापुरते ठेवणे परवडणारे नव्हते. तिला तीच गाडी, तीच शक्ती, तोच मार्ग आणि तेवढाच फेरा होता. चालकांची यादी पाहिली तरी हे स्पष्ट होते. पहिल्या मोसमातील विजेत्या जोडीतील मॉली टेलर यांनी २०१६ मध्येच ऑस्ट्रेलियाची राष्ट्रीय रॅली स्पर्धा जिंकली होती आणि ती जिंकणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत्या. नऊ वेळा जागतिक रॅली विजेते ठरलेले सेबास्तियन लोब यांच्या जोडीदार क्रिस्टिना गुटिएरेझ यांनी पुढे २०२४ च्या डाकार रॅलीत चॅलेंजर गट जिंकला. ही मालिका संपल्यावर तिच्यातील एकच गोष्ट वाचवता येणार असती, तर मी हा नियम वाचवला असता. माझ्या वर्गात मुलींची संख्या आजही कमी आहे, आणि “मुलीला गॅरेजमध्ये कशाला धाडायचं?” असे विचारणाऱ्या एका वडिलांना मी ग्रीनलँडची शर्यत दाखवली होती, जी कॅटी मनिंग्ज व टिमी हॅन्सन यांच्या जोडीने जिंकली. त्यांची मुलगी त्यानंतर अभ्यासक्रम पूर्ण करून गेली.

चारही मोसमांत कोण विजेते ठरले?

पहिला मोसम २०२१ मध्ये रोझबर्ग एक्स रेसिंग संघाच्या योहान क्रिस्टोफरसन व मॉली टेलर यांनी जिंकला. गुणसंख्या लुईस हॅमिल्टन यांच्या एक्स ४४ संघाइतकीच झाली होती. अधिक शर्यती जिंकल्यामुळे विजेतेपद रोझबर्ग संघाकडे गेले. फॉर्म्युला वनमध्ये एकेकाळी एकाच संघात राहून एकमेकांशी झुंजलेले निको रोझबर्ग व हॅमिल्टन येथे संघमालक म्हणून समोरासमोर होते. २०२२ मध्ये एक्स ४४ संघाच्या लोब व गुटिएरेझ यांनी थोडक्या गुणांनी परतफेड केली. २०२३ मध्ये क्रिस्टोफरसन यांनी मिकाएला आलिन-कोटुलिन्स्की यांच्यासोबत पुन्हा विजेतेपद मिळवले. त्या मोसमानंतर एक्स ४४ संघ बाहेर पडला. २०२४ चा मोसम अर्धाच राहिला, हे वर आलेच आहे.

जहाजाची गोष्ट खरी आहे का?

खरी आहे. सेंट हेलेना हे जहाज दक्षिण अटलांटिकमधील त्याच नावाच्या बेटाचा जगाशी असलेला दुवा होते. टपाल, माल व माणसे ते अनेक वर्षे वाहून नेत असे. बेटावर विमानतळ झाला आणि २०१८ मध्ये जहाजाचे ते काम संपले. शर्यतमालिकेने ते घेऊन नव्याने सजवले. गाड्या व साहित्य विमानाने न नेता समुद्रमार्गे न्यायचे, आणि प्रवासात शास्त्रज्ञांना संशोधन करता यावे म्हणून जहाजावरच प्रयोगशाळा ठेवायची, असा तो बेत होता. जहाज इंधनावरच चालत होते, हे लपवण्याचे कारण नाही. परंतु मालाच्या प्रत्येक किलोमागे होणारे प्रदूषण समुद्रमार्गे विमानापेक्षा पुष्कळच कमी असते.

ज्या निसर्गाची काळजी आहे, त्याच निसर्गात गाड्या पळवणे योग्य होते का?

हा आक्षेप रास्त आहे आणि तो मी स्वतःही अनेकदा मनाशी घोळवला आहे. सुरुवातीच्या मोसमांत शर्यतीच्या जागी प्रेक्षकांना बोलावले जात नसे. लाखभर माणसांची वाहने, कचरा व तात्पुरते बांधकाम त्यामुळे टळत असे. मार्गही शक्यतो आधीच वापरात असलेल्या किंवा खराब झालेल्या जमिनीवर आखले जात. बोव्हिंग्टनला रणगाड्यांचा सराव होतो आणि स्कॉटलंडमधील शर्यतीची जागा ही जुनी उघडी कोळसा खाण होती. सेनेगलमध्ये खारफुटीची लागवड झाली, चिलीत लोआ नदीच्या परिसरातील दुर्मीळ बेडकाच्या संवर्धनाला हातभार लागला. गाड्यांच्या बॅटऱ्या भारित (चार्ज) करण्यासाठी हायड्रोजनपासून वीज तयार करणारे इंधनघट नेले जात, म्हणजे दुर्गम जागी डिझेल जनित्रांवर विसंबावे लागत नसे.

एवढे असूनही माझ्या मते एक उणीव राहिली. शर्यत दोन दिवसांत संपते आणि जहाज पुढे जाते. दुष्काळ मात्र तेथेच राहतो. २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले, तेव्हा देशभरातले कॅमेरे लातूरकडे वळले होते. ते कॅमेरे परतल्यानंतरची वर्षे कशी काढावी लागतात, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक आहे? लक्ष वेधणे हे कामाचे पहिले पाऊल आहे आणि या मालिकेने ते प्रामाणिकपणे टाकले. दुसऱ्या पावलासाठी लागणारा मुक्काम तिला जमला नाही.

आता आलेली एक्स्ट्रीम एच म्हणजे काय? हायड्रोजनची गाडी विजेची नसते का?

तीही विजेचीच असते, आणि हे समजले की निम्मा गोंधळ संपतो. नव्या गाडीचे नाव पायोनिअर २५ असे आहे. तिच्या टाकीतील हायड्रोजन इंजिनात जाळला जात नाही. इंधनघटात हायड्रोजनचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होतो, त्यातून वीज निर्माण होते आणि पाणी बाहेर पडते. चाके फिरवते ती मोटरच.

आता एक बारकावा पाहावा. या गाडीतील इंधनघट ७५ किलोवॉटचा आहे, तर गाडीची कमाल शक्ती ४०० किलोवॉट आहे. उरलेली शक्ती कोठून येते? ती बॅटरीतून येते. बोअरला पाणी कमी असले की आपण छोट्या मोटरने ते दिवसभर हौदात साठवतो आणि मग मोठ्या मोटरने एकदम रानात सोडतो. येथे इंधनघट म्हणजे बोअर आणि बॅटरी म्हणजे हौद. वजन मात्र वाढले आहे. नवी गाडी सुमारे २,२०० किलोंची आहे. तिची पहिली जागतिक स्पर्धा ऑक्टोबर २०२५ मध्ये किद्दिया येथे ठेवण्यात आली.

हायड्रोजन श्रेष्ठ की बॅटरी, या प्रश्नाचे उत्तर वापरावर अवलंबून आहे. पाण्याचे विघटन करून हायड्रोजन मिळवणे, तो दाबून साठवणे व पुन्हा त्याची वीज करणे, या प्रत्येक पायरीवर गळती आहे. ढोबळमानाने सौरपॅनेलमधून निघालेल्या शंभर युनिटांपैकी बॅटरीच्या गाडीत पंचाहत्तर-ऐंशी युनिटे चाकांपर्यंत पोहोचतात, हायड्रोजनच्या गाडीत तीस-पस्तीस. म्हणून दुचाकी, रिक्षा व घरगुती गाडी यांना बॅटरीच सोयीची. जेथे वजनदार माल, लांब पल्ला आणि थोडक्या वेळात इंधन भरण्याची निकड आहे, किंवा पोलाद व खत यांसारखे उद्योग आहेत, तेथे हायड्रोजनचा विचार करावा. शिवाय तो नैसर्गिक वायूपासून बनवला असेल, तर त्यामागे कार्बन आहेच.

पाण्याविषयीही आपल्या भागातून हटकून विचारणा होते. एक किलो हायड्रोजनसाठी रसायनशास्त्राच्या हिशेबाने किमान नऊ लिटर पाणी लागते. प्रत्यक्षात शुद्धीकरण व शीतकरण धरून अधिक लागते. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाला मंजुरी दिली आणि २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन उत्पादनक्षमतेचे उद्दिष्ट ठेवले. किमान हिशेबाने त्याला वर्षाकाठी साडेचार कोटी घनमीटर, म्हणजे जायकवाडीच्या सुमारे २,१७१ दशलक्ष घनमीटर उपयुक्त साठ्याच्या दोन टक्क्यांच्या आसपास पाणी लागेल. देशाच्या दृष्टीने ही मागणी फार मोठी नाही. परंतु कारखाना एकाच तालुक्यात उभा राहतो आणि पाणी त्याच तालुक्यातून उचलले जाते, म्हणून तो कोठे उभारायचा हा प्रश्न आपण आधीच विचारला पाहिजे.

अशी शर्यत मराठवाड्यात होऊ शकेल का?

जमीन आहे, ऊन आहे, फुफाटा तर विपुल आहे. पावसाळ्यात काळी चिकण माती चाकांना अशी लिंपते की मोठमोठे चालक हात टेकतील. तरीही मी तसा आग्रह धरणार नाही. भारतात फॉर्म्युला ईची शर्यत ११ फेब्रुवारी २०२३ रोजी हैदराबादला झाली आणि पुढच्याच वर्षीची रद्द झाली, हे आपण पाहिले आहे. बाहेरून आलेला असा सोहळा किती टिकेल, याचा भरवसा नसतो. त्यापेक्षा बिडकीन-शेंद्रा परिसरात विद्युत वाहनांचे जे मोठे प्रकल्प २०२४ मध्ये जाहीर झाले, त्यांत काम करू शकतील अशी आपली मुले-मुली तयार होणे मला अधिक मोलाचे वाटते.

या क्षेत्रात येऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने सुरुवात कोठून करावी?

अभियांत्रिकी महाविद्यालयात असाल तर बाहा एसएई इंडिया या विद्यार्थी स्पर्धेतील विद्युत गटाची माहिती घ्यावी. त्यात खडतर जमिनीवर चालणारी गाडी विद्यार्थ्यांनाच आखून बांधावी लागते. आयटीआय किंवा तंत्रनिकेतनात असाल तर विद्युत मोजमाप आणि जोडकाम यांवर हात बसवावा. वर्गातील माझा पहिला धडा मात्र शर्यतीच्या गाडीला आणि बाजारातील गाडीला सारखाच लागू आहे. नारिंगी आवरणाची तार दिसली की ती उच्च दाबाची समजावी, रोधक हातमोजे घालावेत, बॅटरीचा विलगक, म्हणजे तिचा वीजप्रवाह तोडणारा भाग, काढून स्वतःजवळ ठेवावा, ठरलेला वेळ थांबावे आणि मीटरवर शून्य दिसल्याखेरीज तिला हात लावू नये.